कृषी, मसि आणि आपली मुले

भगवान आदिनाथांनी प्रजेला जीवननिर्वाहासाठी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी पाठशाळेत पाठ केलेले आहे. या सहांपैकी वाणिज्य हे कर्म आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने सांभाळले. परंतु कृषी आणि मसि, म्हणजे मातीशी आणि अक्षरांशी असलेले नाते, व्यापारी कुटुंबांच्या घरांतून हळूहळू बाहेर गेले. भाजी मंडईतून येते आणि वाचन शाळेच्या पुस्तकांपुरते उरते.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात एक प्रसंग आहे. ऋषभदेव आपल्या ब्राह्मी आणि सुंदरी या दोन्ही कन्यांना जवळ बसवून एकीला लिपी आणि दुसरीला अंक स्वतः शिकवितात. पित्याने हे काम दुसऱ्या कोणावर सोपविले नाही. हा प्रसंग मी लहानपणापासून अनेकदा ऐकला होता. त्याचा अर्थ मात्र सेवानिवृत्तीनंतर, नातवंडांच्या सहवासात उमगला. तो कसा उमगला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

घरातील उणीव

बँकेत माझी छत्तीस वर्षे सेवा झाली आणि त्या काळात नऊ वेळा बदली झाली. मुलाच्या शाळेची आबाळ नको म्हणून पत्नी व मुलगा सोलापुरात, एकत्र कुटुंबातच राहिले. मी शनिवारी रात्री येई आणि रविवारी सायंकाळी परत निघे. त्या दीड दिवसात मी मुलाचे प्रगतिपुस्तक पाही, गुण कमी असतील तर बोले, आणि माझे पितृकर्तव्य पार पडले असे समजे. पुढे मुलाने माझ्या वडीलबंधूंची कापडाची पेढी सांभाळली. ती त्याने उत्तम चालविली आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी घरी स्थिरावलो, तेव्हा नात चौथीत होती आणि नातू सहा वर्षांचा. दोघेही इंग्रजी माध्यमात शिकतात. एके दिवशी मंदिरातील पंचकल्याणक महोत्सवाची निमंत्रणपत्रिका आली. मी नातीला ती वाचून दाखविण्यास सांगितले. प्रत्येक जोडाक्षराशी ती अडखळू लागली. चौथ्या ओळीवर पत्रिका माझ्या हाती देत म्हणाली, "आजोबा, तुम्हीच वाचा ना. मला मोबाईल द्या."

क्षणभर मला राग आला. मग मी घरात नजर फिरविली. सहा माणसांत चार मोबाईल होते आणि मुलाला सहज हाती घेता येईल असे एकही पुस्तक नव्हते. ग्रंथ होते, परंतु ते काचेच्या कपाटात, कुलपात होते. मग दोष कोणाला द्यावा?

श्रुतपंचमीचा मुहूर्त

ही गोष्ट वैशाखातली. ज्येष्ठ शुद्ध पंचमी जवळ आली होती. आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आगमज्ञान दिले. स्मरणशक्ती क्षीण होत चालली आहे, हे ज्ञान लुप्त होईल, या चिंतेतून ते षट्खंडागमाच्या रूपाने लिपिबद्ध झाले आणि ग्रंथ पूर्ण झाल्यावर या तिथीला संघाने त्याची पूजा केली. तीच आपली श्रुतपंचमी. या दिवशी ग्रंथ बाहेर काढून झटकावेत, त्यांची वेष्टने बदलावीत, असा जुना प्रघात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पोथ्यांना ऊन दाखविण्याची ती व्यावहारिक योजनाही होती.

या ग्रंथावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आमच्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित झाला. पेढी सांभाळणाऱ्या माणसांनी ग्रंथांसाठी पैसा आणि वेळ दोन्ही दिले, ही आपली परंपरा आहे.

त्या श्रुतपंचमीला आम्ही कपाटाचे कुलूप काढले. मुलांनी प्रत्येक ग्रंथ मऊ कापडाने पुसला, नातीने यादी केली, नातवाने क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. मग दोघांना घेऊन मी पुस्तकांच्या दुकानात गेलो आणि प्रत्येकाला तीन पुस्तके स्वतः निवडू दिली. तिसरे काम झाले ते गच्चीवर. पहिला पाऊस येऊन गेला होता आणि सुनेने रिकाम्या कुंड्या काढून ठेवल्या होत्या.

माती आणि अहिंसा

कुंड्या पाहताच पत्नी म्हणाली, "अहो, माती उकरायची म्हणजे किती जीव जातात! या वयात नवे पाप घरात कशाला आणता?"

ही शंका अनेक घरांतून निघते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पृथ्वीकाय, जलकाय, वनस्पतिकाय हे सर्व एकेंद्रिय जीवच होत. तथापि शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाने करावयाचाच आहे. घरगृहस्थीच्या कामांतील आरंभी हिंसा त्याला पूर्णतः टाळता येत नाही, ती विवेकाने मर्यादित ठेवावयाची असते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात कारणावाचून जमीन खणणे, पाणी सांडणे आणि वनस्पती तोडणे यांची गणना अनर्थदंडात केली आहे. येथे 'कारणावाचून' हा शब्द महत्त्वाचा. मंडईतून आलेल्या भाजीमागेही कोणीतरी जमीन खणलेलीच असते. फरक इतकाच की ती आपल्याला दिसत नाही. जे मूल स्वतःच्या हाताने रोप वाढविते, ते जाता-येता पान ओरबाडीत नाही. वनस्पतीत जीव आहे हे वाक्य पाठ असणे निराळे आणि पाणी न मिळाल्याने माना टाकलेले रोप पाणी घातल्यावर तासाभरात उभे राहिलेले पाहणे निराळे.

सून सांगलीकडील. दक्षिण महाराष्ट्रात आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे शेती करतात. तिचे माहेरही त्यांपैकीच. मी पुस्तकांत शोधत बसलो होतो, उत्तर मात्र तिच्यापाशी होते. तिने काही नियम घालून दिले आणि पत्नीचे समाधान झाले. माती उन्हात पूर्ण वाळवून, चाळून घ्यावयाची. ओल्या कचऱ्याचे खत घरी केले तर त्यात किडे उत्पन्न होतात, म्हणून पूर्ण कुजून सुकलेले शेणखत आणि नारळाचा भुसा वापरावयाचा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यावयाचे नाही. डासांच्या अळ्या मारण्यापेक्षा त्या होऊच न देणे बरे. पाणी गाळूनच घालावयाचे आणि तेही पाइपने नव्हे, तांब्याने. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या गावी हा नियम पाणीबचतीचाही ठरला.

काय लावावे, केव्हा लावावे

कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, बीट, सुरण ही कंदमुळे आपल्याकडे वर्ज्य, आणि पुष्कळ घरांत चातुर्मासात पालेभाजीही घेत नाहीत. म्हणून आम्ही वर्षाचे दोन भाग केले. ज्येष्ठ-आषाढात दोडका, चवळी, भेंडी आणि टोमॅटोची रोपे. कार्तिकानंतर मेथी, कोथिंबीर आणि पालक.

लहान मुलांना धीर नसतो. त्यांच्यासाठी मेथी उत्तम. बी पेरल्यावर चार-पाच दिवसांत कोंब दिसतो आणि महिन्याभरात भाजी हाती येते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून त्यांचे दोन भाग करून पेरावेत. त्यांना उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात. भेंडी दीड महिन्यात येते. दोडक्याचा वेल मुलांना विशेष आवडतो. त्याची पिवळी फुले सायंकाळी उमलतात. आधी नरफुले येतात, ती गळून पडतात आणि मुले हिरमुसतात. मग एके दिवशी ज्या फुलामागे बोटाएवढा दोडका आहे असे मादीफुल दिसते आणि नरफुलांचे प्रयोजन त्यांना कळते. विज्ञानाचा हा धडा आमच्या गच्चीवर सूर्यास्ताच्या वेळी झाला.

कुंड्या थोड्याच असाव्यात. आम्ही अकरा घेतल्या. मुलांना झेपेल तेवढीच बाग मुलांची राहते. अधिक झाली की ती आईची होते.

बागेची वही

दीपावलीला आपण वहीपूजन करतो. परंतु आजकाल हिशेब संगणकावर असल्याने लाल वहीत पहिल्या पानापलीकडे कोणी लिहीत नाही. पेढीवरची अशी एक कोरी वही मी नातीला दिली आणि रोजमेळ लिहिण्यास शिकविले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. बियाणे, रोपे, माती, खत, सुतळी यांचा खर्च तारखेनिशी. आणि आलेली भाजी त्या दिवशीच्या मंडईच्या भावाने जमेस. ती मराठीत लिहावयाची, ही एकच अट होती. 'शेणखत', 'बियाणे', 'दोडका' हे शब्द तिने लिहिता लिहिता आत्मसात केले.

श्रावणात दोडक्याच्या दोन वेलींपैकी एकीवर मावा पडला. औषध फवारावयाचे नाही, हे ठरलेले होते. सुनेने किडीचे शेंडे हलकेच खुडून गल्लीच्या टोकाशी असलेल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवविले आणि ती कुंडी इतरांपासून दूर नेली. तरीही वेल गेली. दुसऱ्या दिवशी मी वही पाहिली, तर त्या वेलीची नोंदच नव्हती. विचारल्यावर नात म्हणाली, "आजोबा, ती लिहिली तर आपला हिशेब वाईट दिसेल."

मी तिला बँकेतील गोष्ट सांगितली. कर्ज बुडाले की काही अधिकारी ते लपवू पाहतात, नव्या कर्जातून जुने फिटल्याचे दाखवितात; आणि लपविलेले बुडीत कर्ज एक दिवस साऱ्या शाखेला बुडविते. जे गेले ते 'गेले' असे लिहिणारा हिशेबनीसच प्रामाणिक. तिने लाल शाईने लिहिले : 'दोडका, वेल एक, बुडीत.'

ती लिहीत असताना मला माझेच एक बुडीत खाते आठवले. ते मी कोणत्याही वहीत लिहिले नव्हते.

सायंकाळचा अर्धा तास

आपल्या घरांना एक मोठी सोय आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन झाल्याने पुढची सायंकाळ मोकळी असते. आरतीनंतर साडेसात ते आठ ही वेळ आम्ही वाचनाची ठरविली. परिग्रह-परिमाणात आपण धनधान्याची मर्यादा ठरवितो. तशीच मर्यादा येथे मोबाईलला घातली. त्या अर्ध्या तासात घरातील सर्व मोबाईल एका खणात, मोठ्यांचेसुद्धा. पहिल्या आठवड्यात सर्वाधिक चुळबूळ माझीच झाली, हे मान्य केले पाहिजे.

प्रारंभी मी वाचून दाखवी व मुले ऐकत. महिन्याभराने नात एक पान वाचू लागली. प्रत्येक चूक तेथल्या तेथे दुरुस्त करण्याची माझी सवय सुनेने मोडली. अर्थ कळत असेल तर थांबवू नये, असे तिचे म्हणणे आणि ते खरे ठरले. गोष्ट संपताच "तात्पर्य काय?" असे विचारण्याची सवयही मला सोडावी लागली. गोष्ट म्हणजे तोंडी परीक्षा, असे वाटू लागले की मुले उठून जातात.

काय वाचावे, असे अनेक पालक विचारतात. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी चित्रमय पुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची अल्प मूल्याची बालपुस्तके चांगली. त्याहून मोठ्यांसाठी भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे आहे, तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'चा मराठी अनुवाद आहे, आणि साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. घरात मारवाडी, गुजराती वा कन्नड बोलली जात असेल, तर आजीने त्या भाषेत कथा सांगावी. त्यानेही कान तयार होतो.

आपल्या पुराणकथाही अवश्य सांगाव्यात. एके सायंकाळी मी लेश्यावृक्षाची कथा सांगितली. सहा भुकेले वाटसरू जांभळाने लगडलेल्या झाडापाशी येतात. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो खोडापासून, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळे. आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे वेचली तरी आपले पोट भरेल. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतच्या परिणामांचे हे चित्र आपल्या कित्येक मंदिरांत भिंतीवर असते. नातवाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, मग आपले टोमॅटो पडेपर्यंत थांबू या का?" या वेळी मी तात्पर्य विचारले नव्हते.

दशलक्षणातील टोमॅटो

ज्येष्ठात लावलेल्या टोमॅटोला भाद्रपदात रंग चढला आणि पहिली चार फळे लाल झाली ती नेमकी दशलक्षण पर्वात. आमच्या घरी त्या दहा दिवसांत हिरवी भाजी व फळभाजी येत नाही. नातू रोज सकाळी गच्चीवर जाऊन फळे मोजून येई. चार, चार, चार. सातव्या दिवशी तीन आणि अर्धे. एक फळ बुलबुलाने टोचून खाल्ले होते. नातू रडकुंडीला आला. नातीने मात्र वही काढली आणि थोडा विचार करून ते अर्धे फळ 'धर्मादाय' खाती लिहिले. त्या दिवशी प्रवचन उत्तम तप धर्मावर होते. सहा वर्षांच्या मुलाला तपाची व्याख्या येत नव्हती. पण आपले असून, पिकलेले असून, हाताच्या अंतरावर असूनही दहा दिवस थांबणे म्हणजे काय, हे त्याला आता ठाऊक होते.

पर्व संपले आणि क्षमावणीचा दिवस आला. मंदिरात आपण सर्वांना हात जोडून क्षमा मागतो. जाणता-अजाणता झालेल्या सर्व अपराधांची एकदम. ती सवयीने मागितली जाते आणि सवयीने दिली जाते. त्या रात्री मुलगा पेढीवरून आला. मी त्याला बसवून घेतले आणि म्हणालो, "तुझ्या लहानपणी मी तुला एक गोष्टही वाचून दाखविली नाही. दर रविवारी फक्त गुण विचारले. त्याबद्दल मला क्षमा कर."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, रविवारी तुम्ही निघालात की मी खिडकीत बसायचो. गुणांचं काही वाटायचं नाही." एवढे बोलून तो जेवणाऐवजी घोटभर पाणी पिऊन झोपावयास गेला. मला वाटले, विषय उगाच काढला.

पेढीच्या पुढच्या साप्ताहिक सुट्टीला साडेसात वाजता तो स्वतः येऊन मुलांच्या मध्ये बसला आणि त्याने मोबाईल खणात ठेवला. नातीने पुस्तक त्याच्या हाती दिले. वीस वर्षांत त्याने बिले आणि नोटिसांपलीकडे मराठी वाचले नव्हते. तोही जोडाक्षरांशी अडखळला. "पप्पा, सावकाश," नात म्हणाली, "अर्थ कळतोय." तेव्हापासून सुट्टीची सायंकाळ त्याची आहे.

ताळेबंद

दीपावलीला आम्ही बागेच्या वहीचा ताळेबंद केला. खर्च २,३४० रुपये. आलेली भाजी मंडईच्या भावाने ६१५ रुपयांची. म्हणजे १,७२५ रुपयांची तूट. मुलाने हसून विचारले, "अण्णा, बँकेने या धंद्याला कर्ज दिलं असतं का?" मी म्हणालो, "नसतं दिलं." नातीने तूट लाल शाईने, लपवाछपवी न करता लिहिली, आणि कार्तिकानंतर मेथीचे बी आणण्यासाठी वडिलांकडे चाळीस रुपयांची मागणी केली. ती मंजूर झाली.

व्यापारी बंधुभगिनींनो, आपण पुढच्या पिढीसाठी पेढी, घर आणि नाव ठेवून जातो. त्यासाठी दिवसरात्र झटतो आणि त्या झटण्यात मुलांचे बालपण नजरेआड होते. माझे तसे झाले. येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपल्या घरातील ग्रंथांचे कपाट मुलांच्या हातून उघडा, दोन कुंड्यांत बी पेरा आणि आठवड्यातून एक सायंकाळ पेढीच्या हिशेबातून वजा करा. आजी-आजोबा घरी असतील तर उरलेल्या सहा सायंकाळी ते सांभाळतील. ती एक मात्र वडिलांचीच असावी.